बाबांचा टॅब दुरुस्तीला दिला, ते बारा दिवस

२ जून, सोमवार. रात्री साडेनऊच्या सुमारास बाबांच्या मांडीवरून टॅब घसरला आणि कोपऱ्यावर आपटला. आवाज त्यांना आला नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं काय झालं ते.

बाबांना चार वर्षांपासून जवळजवळ ऐकू येत नाही. श्रवणयंत्राने आवाज मोठा होतो, पण शब्द सुटे होत नाहीत. म्हणून टॅबवर ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ दिवसभर सुरू असतं. आपण बोललो की पडद्यावर अक्षरं उमटतात, ती वाचून बाबा उत्तर देतात. माझ्या फोनवरही ते ॲप आहे, पण त्यांना दिसतील एवढी अक्षरं मोठी केली की एका ओळीत दोनच शब्द मावतात. टॅब बंद म्हणजे घरातलं बोलणं बंद. त्या रात्री आम्ही माळ्यावरची जुनी पाटी काढली आणि तिच्यावर लिहून एकमेकांशी बोललो.

दुरुस्ती कोणाकडे द्यायची हे कसं ठरवायचं, ते मला नीट सांगणारं कोणी भेटलं नाही. जो तो आपापल्या ओळखीचं दुकान सांगत होता. म्हणून जसं घडलं तसं इथे लिहून ठेवतेय.

पहिलं काम काचेचं. डाव्या खालच्या कोपऱ्यातून जाळं पसरलं होतं आणि बोट फिरवलं की बारीक चुरा हाताला लागत होता. रुंद पारदर्शक चिकटपट्टी पूर्ण काचेवर सपाट लावली. तुकडे सुटत नाहीत, बोट कापत नाही, आणि पट्टीवरूनही टच चालतो.

मग काय मोडलंय ते बघितलं. बाहेरून एकच काच दिसते, पण आत थर असतात: वरची काच, बोटाचा स्पर्श ओळखणारा टचचा थर आणि त्याखाली चित्र दाखवणारा डिस्प्ले. चित्र स्वच्छ दिसतंय पण बोट लागत नाही, तर टच गेलाय. रेघा येतात, शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरतो, तर डिस्प्ले गेलाय. काही दिसत नाही पण सूचनेचा आवाज येतो, थरथर जाणवते, तर निदान आतला बोर्ड जिवंत आहे. आमच्या टॅबचं चित्र लख्ख होतं. फक्त खालच्या तीन बोटांच्या पट्ट्यात टच मेला होता.

आणि पासवर्डचा कीबोर्ड नेमका त्याच पट्ट्यात येत होता.

टॅब उलटा धरला. पडदा फिरला, कीबोर्ड चांगल्या भागात आला आणि कुलूप उघडलं. पुढच्या कामाला संगणकाचा साधा माउस ओटीजीने, म्हणजे चार्जिंगच्या खाचेत यूएसबी लावू देणाऱ्या छोट्या जोडणीने, लावला, पडद्यावर बाण आला. बहुतेक अँड्रॉइड फोन-टॅबवर हे चालतं. साडेअकरापर्यंत फोटो आणि बाबांनी टंकून ठेवलेल्या नोंदी दुसरीकडे उतरवून घेतल्या. हे काम दुकानात जाण्याआधीच करा. आजकालच्या फोनमध्ये माहिती कुलूपबंद रूपातच साठते आणि तिची किल्ली त्याच बोर्डवरच्या प्रोसेसरला बांधलेली असते. साठवणीची चिप काढून दुसरीकडे लावली तरी काही वाचता येत नाही. बोर्ड गेला तर माहितीसाठी आधी तोच बोर्ड जिवंत करावा लागतो, आणि ते काम करणारे कारागीर थोडे आहेत.

३ जूनला मी तीन ठिकाणी गेले. दुरुस्ती करून घ्यायला नाही, नुसतं विचारायला. टॅब पिशवीतच ठेवायचा आणि कोणाच्याही हातात सोडून यायचं नाही, असं घरातून ठरवून निघाले होते.

आधी कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र. टोकन घेऊन एक तास पन्नास मिनिटं बसले. बोलणं सभ्य होतं. त्यांच्या पद्धतीप्रमाणे काच, टच आणि डिस्प्ले मिळून पूर्ण फोल्डर बदलतात, सुटी काच बदलत नाहीत. भाग मागवायला दहा ते बारा कामाचे दिवस. खर्च नव्या टॅबच्या किमतीच्या साधारण पंचेचाळीस टक्के. अंदाज छापील मिळाला, ही चांगली गोष्ट. सही करायच्या अर्जात खाली बारीक अक्षरांत होतं की दुरुस्तीत उपकरणातली माहिती पुसली जाऊ शकते. अर्ज पूर्ण वाचा, उभ्याने वाचावा लागला तरी वाचा. तुमचं उपकरण हमीच्या मुदतीत असेल किंवा अपघाती नुकसानीचा विमा घेतला असेल, तर पहिली फेरी इथेच मारा, कारण बाहेर उघडलेलं उपकरण पुढे हमीत घेताना अडचण येऊ शकते. आमची हमी कधीच संपली होती.

दुसरं दुकान गर्दीचं होतं. काउंटरवरच्या मुलाने टॅब बघितला न बघितला आणि म्हणाला, “तासाभरात देतो ताई, पासवर्ड सांगून ठेवा.” पासवर्ड लिहायला त्याने मागच्या बाजूला चिकटवायची चिठ्ठीही काढली. किंमत नव्याच्या पावभर. भाग कुठला घालणार विचारलं तर, “ओरिजिनलच आहे हो.” मी म्हटलं, मग बिलावर तसं लिहून द्याल का? तो म्हणाला, बिलावर आम्ही फक्त ‘टॅब दुरुस्ती’ लिहितो.

गेल्या वर्षी असंच एका ठिकाणी मी माझा फोन देऊन बसले होते. मूळ पडदा ओलेडचा होता, त्यांनी साधा एलसीडी कॉपी पडदा घातला. दिवसा फरक कळला नाही. रात्री अंधारात बघितलं तेव्हा काळा रंग काळा नव्हता, राखाडी होता. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळ्या जागी विझतो. एलसीडीत मागचा दिवा सतत जळत असतो. पडदा जाड असल्याने काच कडेला किंचित वर आली आणि बॅटरी आधीपेक्षा लवकर उतरायला लागली. सगळ्यात त्रास फोनवर बोलताना झाला. कानाला लावल्यावर पडदा विझायला हवा, तो विझेना, आणि गालानेच फोन कट व्हायचा. तक्रार घेऊन गेले तर म्हणाले, सेन्सर आधीपासूनच गेलेला असेल. नव्हता, पण माझ्याकडे तसं दाखवणारा एक कागद नव्हता. तो राग माझ्या मनात अजून आहे, आणि या वेळची माझी सगळी विचारपूस त्यातून आली होती.

तिसरं दुकान लहान. एक टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक, समोर एक ताई बसलेल्या. त्यांनी टॅब हातात घेण्याआधीच विचारायला सुरुवात केली. कसा पडला? पाणी लागलंय का कधी? याआधी उघडलाय का कोणी? माहिती उतरवून घेतलीत का? आणि मग, टॅब दिवसभर चार्जिंगला असतो का?

शेवटचा प्रश्न मला कळला नाही. त्यांनी टॅब डोळ्यासमोर आडवा धरून मला पाठीची कड दाखवली. मधोमध किंचित फुगवटा होता. वर्षभर तो माझ्या डोळ्यासमोर होता आणि मी तो बघितला नव्हता. बॅटरी फुगत होती. लिथियम-आयन बॅटरी सतत भरलेली आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते, आत वायू धरतो आणि ती फुगते. बाबांचा टॅब कायम तारेला लावलेलाच असायचा. ताई म्हणाल्या, “आजपासून चार्ज करू नका, दाबू नका, आणि कोणी नुसती काच बदलून देतो म्हटलं तर देऊ नका. खालून बॅटरी ढकलेल आणि नवी काच पुन्हा फुटेल.” त्याच धरण्यात त्यांना दुसरी गोष्ट दिसली: कोपऱ्याची चौकट आत दबली होती. ती सरळ केली नाही तर काच तिथे नीट बसत नाही आणि जरा धक्का लागला की तडकते.

या मॉडेलमध्ये काच आणि डिस्प्ले सुटे आहेत, हेही त्यांनीच सांगितलं. कितीतरी टॅबमध्ये काच-टच एक तुकडा असतो, त्याखाली थोडी हवेची पोकळी आणि मग डिस्प्ले. तिथे डिस्प्ले शाबूत असेल तर नुसता टच बदलता येतो. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये आणि महागड्या टॅबमध्ये हे थर पारदर्शक गोंदाने एकजीव केलेले असतात, तिथे सहसा फोल्डरच बदलतात. तेव्हा “नुसती काच होईल का?” या प्रश्नाचं उत्तर मॉडेल बघूनच मिळतं. मॉडेल न बघता हो म्हणणाऱ्याकडून मी तरी उठेन.

४ जून विचारात गेला. संध्याकाळी ताईंना फोन केला आणि पाच-सहा गोष्टी विचारून वहीत उतरवल्या. काम तुम्हीच करणार की बाहेर पाठवणार? (त्याच करणार.) भाग कुठला? (कंपनीचा नाही, दुसऱ्या उत्पादकाचा, तसं पावतीवर लिहीन.) काच काढताना चांगला डिस्प्ले फुटला तर? यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, आधी तुमच्यासमोर पांढरा पडदा लावून डाग-रेघ नाही हे बघू, त्यानंतर काही झालं तर माझी जबाबदारी. दुरुस्त झालाच नाही तर तपासणीचे पैसे नाहीत. टचला नव्वद दिवसांची हमी, बॅटरीला सहा महिन्यांची. पुन्हा पडला किंवा पाणी लागलं तर हमी नाही. दोन्ही भागांसह खर्च नव्या टॅबच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त.

भाग कंपनीचा नाही हे त्यांनी आपणहून सांगितलं, तिथे माझं ठरलं. पैशांचा विचार मी त्याआधी बराच केला होता. बॅटरी धरली तर अधिकृत केंद्राचा खर्च निम्म्याच्या वर जात होता, आणि मग नवाच का घेऊ नये असं वाटतं. टॅब सहा-सात वर्षांचा असता, त्याला सुरक्षेचे अपडेट मिळायचे थांबले असते, तर मी नवाच घेतला असता. हा तीनच वर्षांचा होता आणि बाबांच्या हाताला त्याची सवय झाली होती.

५ जून, गुरुवार. टॅब दिला. देण्याआधी मेमरी कार्ड काढलं, कव्हर घरी ठेवलं, मागून-पुढून आणि चारी कडांचे फोटो काढले. पासवर्ड द्यायची वेळच आली नाही. सॅमसंगने २०२२ मध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणला आणि गुगलने डिसेंबर २०२३ मध्ये पिक्सेलसाठी ‘रिपेअर मोड’. तो चालू केला की आपले फोटो, संदेश, खाती झाकली जातात आणि कारागिराला तपासणीपुरता कोरा फोन मिळतो. बाहेर पडायला आपलाच पिन लागतो. आयफोन दुरुस्तीला देताना पूर्वी ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करायला सांगत. २०२४ पासून ते चालू ठेवूनच देता येईल अशी सोय झाली आहे. मात्र ही सगळी बटणं दाबायला टच चालावा लागतो, म्हणून मी रात्री घरीच माउस लावून ते काम उरकलं होतं.

पावतीवर अनुक्रमांक लिहून घेतला. फोन असेल तर *#०६# दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळखक्रमांक, घ्या. नुसत्या वायफायवर चालणाऱ्या टॅबला तो नसतो. शिवाय: ‘काच फुटलेली, डिस्प्ले शाबूत, डावा खालचा कोपरा दबलेला, कॅमेरे-स्पीकर-माइक चालू.’ हे मी एकेक चालवून दाखवलं आणि मगच लिहिलं. दहा मिनिटं लागली. ‘जुने भाग परत’ असंही लिहून घेतलं. आगाऊ रक्कम एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होती, ती भाग मागवण्यासाठी दिली.

मग वाट बघणं. घरात पाटी फिरत होती. पहिल्या दिवशी आई मोठी वाक्यं लिहायची, तिसऱ्या दिवशी ‘चहा?’ एवढंच. बाबा उत्तरं द्यायचे, पण आपणहून काही विचारायचे नाहीत. माझ्या फोनवर दोन-दोन शब्द वाचून ते थकायचे आणि खिडकीशी जाऊन बसायचे.

९ जूनला भाग यायचा होता. दुपारी ताईंचा फोन आला की भाग आला, पण परत पाठवलाय, अजून दोन दिवस लागतील. मला चीड आली आणि माझ्या आवाजात ती त्यांना ऐकू गेली असणार. त्यांनी शांतपणे सांगितलं. गोंद लावण्याआधी त्या नवा टच बाहेरच बोर्डला जोडून बघतात. कडेला एका उभ्या रेघेत बोट लागत नव्हतं. चिकटवून मग कळलं असतं तर पुन्हा सगळं उचकटावं लागलं असतं. फोन ठेवल्यावर मी ते पाटीवर लिहून बाबांना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि खाली लिहिलं, ‘बरं केलं तिने.’

१२ जूनला त्यांनी बोलावलं: वेळ असेल तर समोर बसा. मी गेले. टॅब गरम पाटावर ठेवला होता, कडेचा गोंद मऊ होईपर्यंत. कोपऱ्यात गिटार वाजवायच्या नखीसारखी पातळ प्लॅस्टिकची चकती शिरवून ताई ती कडेकडेने पुढे सरकवत होत्या. बोटभर पुढे, थांबा, पुन्हा ऊब, पुन्हा बोटभर. एका जागी त्यांनी चकती बाहेर काढली, चार बोटं सोडून पलीकडून घातली. तिथे काचेखालून टचची पट्टी बोर्डकडे जाते, कागदाएवढी पातळ. घाईत तुटणारी गोष्ट हीच. काच सुटली तेव्हा चिकटपट्टीमुळे सगळे तुकडे एका चादरीसारखे एकत्र निघाले आणि खालचा डिस्प्ले एकाही ओरखड्याशिवाय समोर आला. मी इतका वेळ श्वास रोखून धरला होता हे तेव्हा कळलं.

बॅटरी काढताना कुठलंही धातूचं हत्यार वापरलं नाही. कडेने थेंबथेंब द्रव सोडून गोंद सैल केला आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू उचलली. बॅटरी उशीसारखी झाली होती. ती त्यांनी वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि म्हणाल्या, “बाकीचे जुने भाग घेऊन जा, ही मात्र नेऊ नका. ही आम्ही पुनर्वापराला देतो.” कचऱ्याच्या डब्यात अशी बॅटरी टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे. नवी काच बसवून चिमटे लावले आणि टॅब रात्रभर तसाच ठेवला.

१३ जून, शुक्रवार. बाबांना घेऊन गेले. पैसे देण्याआधी वीस मिनिटं टॅब तपासला. एक चिन्ह बोटाने दाबून धरलं आणि पूर्ण पडद्यावर ओळीओळीने फिरवलं. टच कुठे मेलेला असेल तर चिन्ह तिथेच हातातून सुटतं. पांढरा पडदा लावून डाग बघितले. चार्जरला लावून पुन्हा टच बघितला, कारण कॉपी भाग कधी कधी चार्जिंग सुरू असतानाच वेडेवाकडे चालतात. कॅमेरे, वायफाय, प्रकाश. फोन असता तर कानाला लावून पडदा विझतो का ते पहिल्यांदा बघितलं असतं. आयफोन असता तर सेटिंगमध्ये सुट्या भागांची नोंदही बघितली असती. आयफोन ११ पासून परका पडदा तिथे कळतो. आणि पाण्यापासून संरक्षण असलेला फोन एकदा उघडला की ते संरक्षण पहिल्यासारखं राहिलंय असं धरून चालू नका. आमच्या टॅबला ते नव्हतंच.

सगळं ठीक. मग बाबांनी नेहमीचं ॲप उघडलं आणि ताईंकडे बघितलं. ताई काहीतरी बोलल्या. पडद्यावर अर्धाच शब्द उमटला. मी बोलले, तर दोन शब्द चुकीचे आले. आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकला तेव्हा तो गोधडीखालून यावा तसा येत होता. बाबांचा चेहरा उतरला.

मी पावती पुढे केली. ‘माइक चालू’ तिच्यावर लिहिलेलं होतं. ताईंनी ती बघितलीही नाही, टॅब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. काचेच्या कडेची गोंदपट्टी केसभर सरकून माइकच्या छिद्रावर आली होती. “माझी चूक,” त्या म्हणाल्या. तेवढीच कड पुन्हा गरम केली, पट्टी कापली, चिकटवली. पस्तीस मिनिटं. आपलं उपकरण ज्या एका कामासाठी आपण वापरतो, ते काम दुकानातच करून बघा. घरी येऊन कळलं असतं तर एक फेरी वाढली असती, आणि बाबांचा आणखी एक दिवस खिडकीशी गेला असता.

उरलेले पैसे दिले. ठरल्यापेक्षा एक पैसा जास्त नाही. निघताना ताईंनी बॅटरीची एक सेटिंग चालू करून दिली: ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबतं. दिवसभर तारेला राहणाऱ्या टॅबला ती हवीच. तुमच्याकडेही असेल, बॅटरीच्या पानावर शोधा.

बाबांनी टॅब टेबलावर उभा केला. ताई म्हणाल्या आणि पडद्यावर पूर्ण ओळ उमटली: आजोबा आता नीट दिसतंय का

बाबांनी ती वाचली. “दिसतंय. तू एवढं बारीक काम करतेस, डोळे दुखत नाहीत का गं?” त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी पडद्याकडे बघत थांबले.